स्कुटर बाहेर उभी आहे

चुकीची तिकिटं मी काढली. मोबाइलवर तिकीट काढायची माझी पहिलीच वेळ, आणि हिंदीचा खेळ समजून मी तेलुगूचा निवडला. आदिलाबादेत जन्म काढून ज्याला हा फरक कळत नाही त्यानं मुलांना भाषा शिकवू नये, असं कुणी म्हणालं तर मला मान्य आहे. पण गजभिये सर त्यावर रागावले नाहीत. पडद्यावर कप्तान रुडो अस्सल तेलुगूत दरडावू लागला तेव्हा ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "चालते. पयल्यांदा मी त्याले इंग्रजीत पाह्यलं, तवा तर एक अक्षर समजत नव्हतं."

खरी चूक मी दोन तासांनी केली. थिएटरच्या पायऱ्या उतरताना, काहीतरी बोलावं म्हणून, बोललो, "बरा होता, नाही?"

सर मधल्या पायरीवर थांबले. मागून येणारी माणसं आमच्यावर आदळली.

"बरा?" ते म्हणाले. "ढवळे, तुमी जागे होते काय?"

अर्धा वेळ नव्हतो. पण ते कबूल करायची ती वेळ नव्हती.

उत्तम गजभिये आमच्या शाळेत गणित शिकवायचे. मी मराठी शिकवतो. अंगानं काटक माणूस. खिशाला लाल शाईचं पेन, आणि ते पेन गळकं, त्यामुळे डाव्या छातीवर कायम एक लाल डाग. शाळेत नवा आलेला शिपाई पहिल्याच दिवशी घाबरून म्हणाला होता, "सर, लागलं काय?" सर म्हणाले, "अपूर्णांकानं मारलं." स्कुटर इतकी जुनी की तिचा मूळ रंग कोणता यावर स्टाफरूममध्ये दोन मतं होती. सुरू करायच्या आधी ते तिला एका बाजूला आडवी करत, दोनदा हलवत, तिच्या कानात काही सांगावं तसं वाकत, आणि मग किक मारत.

या स्कुटरवरूनच त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी विचारलं, "सर, मूळचे कुठले?" तर ते अंगठा खांद्यावरून मागे करून म्हणायचे, "स्कुटर बाहेर उभी आहे." विचारणारा गोंधळून बाहेर पाहायचा. स्कुटर असायची. प्रश्न तिथंच संपायचा.

आमच्या भागात हा प्रश्न नमस्काराच्या पाठोपाठ येतो. मीही विचारतो. विचारणाऱ्याला त्यात काही वाटत नाही, कारण त्याच्याकडे स्वतःचं उत्तर तयार असतं. माझं तर फारच लांबलचक आहे. आमचे खापरपणजोबा वांकिडीला कसे आले, वाटेत नदीला पूर कसा होता, निजामाच्या सुभेदारानं त्यांना सनद कशी दिली, हे मी कुठल्याही पंगतीत, कुणीही न विचारता सांगतो. सनद घरात कुणी पाहिलेली नाही. पूर मी घातलेला आहे.

सरांना ते वाक्य सापडलं त्याची गोष्ट त्यांनी मला पुष्कळदा सांगितली. ते आदिलाबादेत हॉस्टेलला होते. रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागायचा, तसा तो लागला. अंतराळातला. ग्रह, जहाजं, आणि त्यात हा रुडो. चोरटा माल नेणारा, पत्त्यांत फसवणारा, दिलेला शब्द शंभरदा मोडून एकदा पाळणारा. सर पुढच्या बाकावर मान वर करून बसलेले. एका प्रसंगात मोठ्या लोकांच्या शहराचं दार असतं, आणि दारावरचा पहारेकरी प्रत्येकाला अडवून काहीतरी विचारत असतो. सगळे कागद दाखवतात, नावं सांगतात. रुडोची पाळी येते. तो काही दाखवत नाही. अंगठा खांद्यावरून मागे करतो, काहीतरी बोलतो, हसतो आणि सरळ आत जातो.

"काय बोलला ते मले कळलं नाई," सर सांगत. "पन मागं जहाज उभं होतं. मंग मीच ठरवलं, हा म्हनते, जहाज बाहेर उभं हाय माझं. आनखी काय पायजे तुले?"

बऱ्याच वर्षांनी लेकीनं त्यांना तोच पिक्चर खाली अक्षरं येणाऱ्या फोनवर दाखवला. पहारेकरी विचारत होता: कूळ कोणतं, बाप कोण. आणि रुडोचं उत्तर सरांनी चौदाव्या वर्षी ठरवलं होतं, जवळजवळ तेच होतं. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, एखादं कठीण गणित तोंडी सुटल्यावर यायचा तसा.

नोकरी लागल्यावर ते शहरात खोली पाहायला गेले. घरमालक अंगणात खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गाव, मग "म्हणजे तुमी कोणापैकी?" सरांनी अंगठा मागे केला. तेव्हा स्कुटर नवी होती. "स्कुटर बाहेर उभी आहे," ते म्हणाले. मालक म्हणाले, आमच्याकडे गाडी लावायला जागा नाही. सर ही गोष्ट विनोद म्हणून सांगायचे, आणि आम्ही स्टाफरूममध्ये विनोद म्हणून हसायचो. अंगणात बैलगाडी मावेल एवढी जागा होती हे ते शेवटी सांगायचे, तोपर्यंत आम्ही हसून मोकळे झालेलो असायचो.

सहावीचा वर्ग सुरू झाला की बाकीचे आम्ही सगळे मुलांना एकेक उभं करतो. नाव सांग, गाव सांग, वडील काय करतात सांग. सरांच्या तासाला हे बंद होतं. ते एवढंच विचारत, "तुले काय येते?" मुलं एकमेकांकडे पाहायची. मग एक जण सांगायचा, झाडावर चढता येते. एक मुलगी म्हणाली होती, "मले आवाजावरून म्हैस ओळखता येते, कोनाची हाय ते." सरांनी त्यांच्या वहीत तिच्या नावापुढे लाल शाईनं लिहिलं: म्हैस, आवाजावरून. वडिलांच्या धंद्याचा रकाना त्यांच्या वहीत नव्हताच. ही मुलगी आता नर्स आहे आणि सरांना भेटली की अजून तेच सांगते, सर, येते बरं का मले अजून.

तर असा हा माणूस त्या महिनाअखेर निवृत्त होणार होता. आणि नेमका त्याच महिन्यात रुडोच्या आधीच्या आयुष्याचा नवा पिक्चर आला. रुडो रुडो व्हायच्या आधी कोण होता, ते दाखवणारा. मला वाटलं, निरोपाची भेट म्हणून सरांना तोच दाखवावा. रविवारी दुपारी गेलो, आणि सोमवारपासून दोन दिवस शाळेत दुसरा विषय नव्हता.

"त्याच्या गालावर जखमेचा वन हाय," सर मधल्या सुट्टीत म्हणाले. डबा उघडलेला, हात न लावलेला. "चाळीस वर्षं आमी त्या वनाकडं पाह्यलं. कोनी मारलं असंल, कुठं पडला असंल, ज्याचं त्यानं ठरवलं. आता यानं दाखवलं. दाढी करताना लागलं! काऊन दाखवलं? कोनी विचारलं होतं काय?"

"लोकांना उत्सुकता असते, सर," मी म्हणालो.

"घरमालकालेही होती."

मी भाजीकडे पाहू लागलो.

"कोट कुठून आला ते दाखवलं. जहाज कसं भेटलं ते दाखवलं. पिस्तूल कोनाचं ते दाखवलं. आन हे सगळं एका आठवड्यात! एका आठवड्यात मानसाले कोटही भेटते, जहाजही भेटते, दुश्मनही भेटते. मंग बाकीची वर्षं तो काय करत होता, झोपला होता काय तुमच्यासारखा?"

म्हणजे त्यांना ते कळलं होतं.

मंगळवारी ते थेट माझ्या वर्गाच्या दारात आले. मी आठवीला कविता शिकवत होतो. "ढवळे, एक मिनिट." मी बाहेर आलो. "तो हसते काऊन, ते दाखवलं, पाह्यलं तुमी? त्याची माय मरताना म्हनते, बेटा, हसत राह्य. म्हनून तो हसते! हसायले कारन लागते काय? मले कारन लागलं असतं तर मी जन्मभर हसलो नसतो." आणि ते निघून गेले. आठवीतली मुलं माझ्याकडे पाहत होती. कविता कुठवर आली होती ते मला आठवेना.

गणिताचा शिक्षक असल्यामुळे त्यांच्या रागाला पद्धत होती. फळ्यावर त्यांनी मला ते समजावून दिलं. "उत्तर मागच्या पानावर छापलेलं असते. कॉपीवाला पोरगा काय करते? उत्तर पयले लिहिते, मंग त्याच्या वर खोट्या पायऱ्या रचते. हा पिक्चर तसा हाय. रुडो हे उत्तर. पिक्चरवाल्यायनं मागून पायऱ्या रचल्या. मी तपासला असता तर शून्य देला असता." मग थोडं थांबून, कारण अन्याय त्यांना कुणावरच चालत नसे, "एक प्रसंग खरा हाय. जहाज पयल्यांदा सुरू करते तो. सुरूच होत नाई, आन तो लाथा मारते. ते दोन मिनिटं खरे. त्याचे दोन मार्क."

पण सगळा राग शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबायचा. पिक्चरच्या अखेरीस कळतं की रुडो हा एका गादीवरून हाकललेल्या राजाचा मुलगा आहे. मला ते बऱ्यापैकी आवडलं होतं. त्याच जागी मी जागाही होतो.

"राजाचा!" सरांनी खडू फळ्याखाली फेकला. "म्हंजे तो इतका शूर काऊन? राजाचं रक्त. हुशार काऊन? राजाचं रक्त. आरे, एक मानूस होता सगळ्या अंतराळात, ज्याले बाप विचारला तर त्यानं जहाज दाखवलं. एक! त्यालेही यायनं खानदान चिकटवलं. साधा मानूस असा असूच शकत नाई, असंच ना? वरून काही तरी उतरल्याबिगर मानूस होतच नाई?"

मी खाली पडलेला खडू उचलला. माझ्या भीतीचं कारण शहरातल्या एका फ्रेमवाल्याच्या दुकानात होतं.

सरांचं मानपत्र मी लिहिलं होतं. शाळेतली अशी सगळी मानपत्रं मीच लिहितो. पिक्चरच्या आदल्याच दिवशी ते छापून फ्रेमला टाकलं होतं. आणि मानपत्राची सुरुवात थोर घराण्यापासून झाली नाही तर मला पुढचं वाक्य सुचत नाही, ही माझी जुनी अडचण. गजभियांचं घराणं मला काय माहीत? एकदाच काय ते कळलं होतं. परीक्षेच्या कामावर आम्ही दोघं बाजारहत्नूरला चाललो होतो, मी त्यांच्या स्कुटरवर मागे. एका वळणावर ते म्हणाले, "या रस्त्यानं माझा आजा पळायचा."

"कशाला?"

"गिरदावराच्या घोड्यापुढं. निजामाच्या काळात. वसुलीचा साहेब गावाले येनार, तर पुढं एक मानूस पळत पायजे, वेठीचा. घोडा थांबला की घोड्याले पयले पानी, मंग आपन." मग गावापर्यंत ते भूमितीच्या पेपराबद्दल बोलले. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. विनोद म्हणूनही नाही.

यातून मी मानपत्रात काय लिहिलं ते इथं उतरवतो, म्हणजे माझी योग्यता कळेल: "आपल्या पितामहांनी निजामी अमदानीत घोडदळासमवेत मानाची सेवा बजावली. तेच शौर्य आपल्या धमन्यांतून वाहत आहे."

मंगळवारी शाळा सुटल्याबरोबर मी फ्रेमवाल्याकडे धावलो. त्याने काच पुसत मला दाखवलं. कडेनं सोनेरी पट्टी, चारी कोपऱ्यांत प्लास्टिकची गुलाबं. "सर, अब क्या निकालते? चिपक गया पूरा. निकाले तो फटता." मी म्हणालो, नवीन छापतो. तो म्हणाला, आपके हेडमास्टर साब तो सुबह देखके गये, बहुत पसंद आया उनको.

हेडमास्तर तेलुगू आहेत, सज्जन आहेत, आणि त्यांनी माझ्याकडून मानपत्राचा मथितार्थ आधीच घेतला होता. मी त्यांना गाठलं तर ते माझाच हात धरून म्हणाले, गजभियेगारूंचे तात, म्हणजे आजोबा, एवढे मोठे होते, हे तुम्ही इतकी वर्षं सांगितलं का नाही?

मग मी सरांच्या घरीच गेलो. ते दारात स्कुटर आडवी करून उभे होते. "सर, त्या मानपत्रात ना," मी सुरुवात केली.

"ए, सांगू नका," त्यांनी हात वर केला. "मले उद्याच ऐकायचं हाय. आयुष्यात पयल्यांदा माझ्यावर कोनीतरी काही लिहिलं." आणि किक मारली. त्या दिवशी ती पहिल्याच किकला सुरू झाली, नाहीतर मी कदाचित सांगितलं असतं. निदान घरी मी बायकोला तसं सांगितलं. सुनंदा भांडी लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी निरोप समारंभाला सर पांढऱ्या शर्टात आले. कोरा, घड्या मोडलेल्या नाहीत. खिशाला पेन नव्हतं. लाल डाग नसलेली त्यांची छाती मी पहिल्यांदा पाहिली आणि मला ती परक्याची वाटली. जुने विद्यार्थी आले होते, ती म्हशीवाली नर्सही आली होती. मी रात्री ठरवलं होतं: वाचताना ते वाक्य गाळायचं. फ्रेमचं पुढं पाहू.

पण आधी हेडमास्तर उठले आणि तेलुगूत बोलले. घोडदळ आलं. घोडदळाबरोबर एक तलवार आली, जी मी लिहिली नव्हती. टाळ्या वाजल्या. सरांना तेलुगू माझ्यापेक्षा चांगली येते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. मी फ्रेम हातात धरून वाचू लागलो आणि ते वाक्य गाळून पुढच्यावर गेलो.

"ढवळे," सर खुर्चीतून म्हणाले. माइक नव्हता, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. "एक पायरी गाळली. पूर्न वाचा."

मी वाचलं. घोडदळ, मानाची सेवा, धमन्या. माझं स्वतःचं वाक्य मला एवढं लांब कधी वाटलं नव्हतं.

सर उठले. माइक घेतला. "माझा आजा घोड्यावर नव्हता," ते म्हणाले. "घोड्याच्या पुढं होता. पळत. पायात काही नव्हतं. हे मी या शाळेत कोनाले सांगितलं नव्हतं, एकाले सोडून. सांगायचं का नाई, हे मी ठरवनार होतो." ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आता सांगितलंच हाय तर खरं सांगा. त्याच्या हातात तलवार देऊ नका. तलवार असती तर तो पळाला असता काय?"

हेडमास्तर शेजारच्या बाईंना हळूच विचारत होते, काय म्हणाले, काय म्हणाले.

"मले एकच सांगा," सर मुलांकडे वळले. "मी गनित बरं शिकवलं का नाई?"

मग मागून ती नर्स उभी राहिली आणि म्हणाली, "शिकवलं, सर." मग सगळेच म्हणाले.

"बस," सर म्हणाले. अंगठा खांद्यावरून मागे केला. "स्कुटर बाहेर उभी आहे."

ते मंचावरून उतरून सरळ गेले. जेवणाची पानं मांडलेली तशीच. आम्ही सगळे पाहत राहिलो. त्यांनी स्कुटर आडवी केली, हलवली, वाकले. किक. नाही. दुसरी. नाही. नव्या शर्टाला पाठीवर घाम आला. धक्का मारायला पुढे व्हायची आमच्यात कुणाची हिंमत झाली नाही. सातव्या किकला ती सुरू झाली.

मी फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. हेडमास्तरांनी फ्रेम शिपायाबरोबर त्यांच्या घरी पोचवली, ती परतही आली नाही. नऊ दिवसांनी, सकाळी मी अंगणात दात घासत असताना, फाटकाशी तो ओळखीचा आवाज थांबला. सर उतरले नाहीत. जुना शर्ट, लाल डाग जागेवर. मी तोंडात फेस घेऊन तसाच धावलो. त्यांनी घडी केलेला कागद फाटकावरून माझ्या हातात दिला.

मानपत्र होतं, कडेनं फाटलेलं. घोडदळाच्या परिच्छेदावर लाल शाईची मोठी फुली. समासात: पायरी खोटी. घरून करून आणणे. बाकीच्या ओळींवर कुठं बरोबरची खूण, कुठं प्रश्नचिन्ह. "सर नेहमी हसतमुख असत" याला पूर्ण गुण. खाली एकूण: दहापैकी चार.

"पिक्चरपेक्षा दोन जास्त देले," ते म्हणाले.

माझ्या तोंडात अजून फेस होता. मी कशीबशी चूळ भरली. "सर, मी फार मोठी..."

"मोठी हाय," ते म्हणाले. "रागही हाय अजून. तो राहील." मग फाटकाच्या दांडीवर बोट आपटत म्हणाले, "फ्रेम ठेवली मी. काच चांगली हाय. कोरीच लावली भिंतीवर. लेक म्हनते, बाबा, खाली काऊन? म्हटलं, बेटा, खानदान हाय आपलं."

ते स्वतःच्याच बोलण्यावर हसले, कारण नसल्यासारखे, पूर्वीसारखे. मी हसावं की नाही ते मला ठरवता येईना, आणि तोवर त्यांनी गाडी वळवली होती. त्याच आठवड्यात ते लेकीकडे नागपूरला राहायला गेले. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. गल्लीच्या टोकाला पाठमोरे, दोन्ही पाय जरा बाहेर काढलेले, स्कुटर बंद पडली तर जमिनीला टेकवायला तयार.

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. सुनंदा भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता फुली पाहिली, खूण पाहिली, गुण पाहिले.

"तुमी मला पाहायला आलते," ती म्हणाली, "तेव्हा अर्धा घंटा खापरपणजोबाचं सांगितलं. पूर, सनद, सगळं. मी आतून ऐकून राह्यली होती, आन नाहीच म्हणणार होती. मग तुमच्या हातून चहा सांडला आन तुमी कोणी पाहायच्या आत आपल्या रुमालानं फरशी पुसली. तेवढं दारातून दिसलं मला, म्हणून हो म्हटलं."